आयटीआयला गेला म्हणजे कॉलेज सुटलं का?

प्रश्न : मुलाला दहावीला ५८ टक्के पडले. आयटीआयला फिटर ट्रेड मिळाला, पहिलं वर्ष चालू आहे. त्याला इंजिनीअर व्हायचंय. माझा भाऊ म्हणतो, "हातात पाना आला, आता कॉलेज विसरा. एकदा अप्रेंटिसचे पैसे दिसले की पोरं परत पुस्तक धरत नाहीत." खरं काय?
– एक आई, सांगोला

उत्तर : ताई, भावाचं पहिलं म्हणणं साफ चूक. दुसरं निम्मं खरं, आणि ते मी स्वतः भोगलंय.

मीही फिटरच. आयटीआय, मग अप्रेंटिस म्हणजे कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, मग इंजिनीअरिंगचा डिप्लोमा; आता बारा वर्षं आयटीआयमध्येच शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा, म्हणून पोरांच्या हातात कानस देतोय. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. त्याला सीईटी नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर यादी लागते. हिशेब करा : २ अधिक २ अधिक ३, म्हणजे ७ वर्षं. बारावी करून गेलेल्याला ६ लागतात. एका वर्षाचा फरक, पण तुमच्या मुलाच्या हातात तोवर ट्रेडचं सर्टिफिकेट असेल.

अडतं ते गणितावर. आमच्याकडे लेथवर (लोखंड फिरवत ठेवून कापायचं मशीन) टेपर, म्हणजे निमुळता आकार, काढायचा तर कंपाऊंड रेस्ट, म्हणजे हत्यार धरणारी स्लाइड, किती अंश फिरवायची ते काढावं लागतं. मोठा व्यास ४०, लहान ३०, लांबी ५० मिलिमीटर. फरक १०, भागिले लांबीची दुप्पट १००, म्हणजे टॅन ०.१, कोन साधारण पावणेसहा अंश. डिप्लोमाच्या वर्गात सरांनी फळ्यावर टॅन थीटा लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती फिरणारी स्लाइड आली. बारावी करून आलेली पोरं सूत्र पाठ करत होती. आठवडाभर मी फुशारक्या मारल्या. मग डेरिव्हेटिव्ह आलं. पहिलं वर्ष गाळून आलेला मी, ते चिन्हसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिल्या चाचणीत २० पैकी ३.

म्हणून मुलाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक आत्ताच घेऊन द्या, जुनं चालेल. त्रिकोणमिती आणि लॉगरिदम आधी, डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन आयटीआयच्या दुसऱ्या वर्षात. रविवारी दोन तास बसला तरी पुरे, पण मोबाईल दुसऱ्या खोलीत. इंग्रजीचंही तेच. आमच्याकडे कानस आणि गुण्या म्हणून चालतं. तिकडे पुस्तकात फाइल आणि ट्राय स्क्वेअर छापलेलं असतं. वहीत दोन्ही नावं शेजारी लिहायला लावा. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल यांतलं जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेवा. ऐन अर्जाच्या आठवड्यात सेतू केंद्रात रांग असते.

आता अप्रेंटिस. डिप्लोमाच्या प्रवेशाला ती लागत नाही. घर दोन वर्षं ओढता येत असेल तर निकालानंतर सरळ डिप्लोमाचा अर्ज भरा. ओढता येत नसेल तर एक वर्ष अप्रेंटिसला जाऊ द्या. कारखान्यात मशीन उघडून बघायला मिळतं, ते आम्ही आयटीआयमध्ये दाखवू शकत नाही. मी गेलो होतो. मिळायचं ते विद्यावेतन, पण मला तो पगारच वाटला, आणि तिसऱ्या महिन्यात हप्त्यावर मोटरसायकल घेतली. अप्रेंटिस संपली तरी हप्ते उरलेच. ते फेडायला त्याच कारखान्यात टेंपररी म्हणून आणखी दोन वर्षं राहिलो. माझ्या बॅचचा जोडीदार तेवढ्यात डिप्लोमा करून आमचाच सुपरवायझर म्हणून आला. त्याच्याकडे सायकल होती.

तर घरात गाडीचा विषय निघाला की भावालाच मध्ये घाला. तो बरोबर अडवेल.