स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राऊयोख खिंडीवरून दिसते ती हिमनदी खरंच वाहते का? मग ती 'मागे सरकली' असं का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की युरोप टूरमध्ये वरून बघितली तेव्हा ती जागच्या जागी होती, हलताना काही दिसली नाही. अर्ध्या तासात दिसणारच नाही, पण वाहते, नक्की वाहते.

ती आलेच हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात मोठी, साधारण २० किमी लांब. वर पडलेला बर्फ वर्षानुवर्षं दाबला जातो, त्यातली हवा निघते, तो घट्ट होतो आणि स्वतःच्याच वजनाने उताराला लागतो. कॉन्कॉर्डियाप्लाट्झला वरचे मोठे प्रवाह एकत्र येतात, तिथे तो दिवसाला साधारण हातभर सरकतो. मधोमध लांबच लांब काळे पट्टे दिसले असतील ना, ती वाहण्याचीच खूण, दोन प्रवाह मिळाले की त्यांच्या काठचे दगडगोटे मध्ये येतात आणि तसेच खाली जात राहतात.

आता 'मागे सरकली' हा शब्दच घोळ करतो, बर्फ कधीच मागे जात नाही. वर साठतो, खाली वितळतो, असा जमाखर्च आहे. खर्च वाढला की खालचं टोक वर वर जातं, बर्फ मात्र खालीच येत असतो. १८६० पासून लांबी ३ किमीच्या वर कमी झालीये.

पण मला खरं कळलं ते जाडीवरून. मी गाइडबरोबर दोर बांधून कॉन्कॉर्डिया हटला गेलो होतो, ती झोपडी १८७७ ला बांधली तेव्हा बर्फापासून जेमतेम ५० मीटर वर होती, आता बर्फावरून कड्याला लावलेल्या साडेचारशेच्या वर लोखंडी पायऱ्या चढाव्या लागतात. झोपडी जागेवरच आहे, बर्फच खाली बसला, म्हणून जिना खालच्या बाजूने वाढवत न्यावा लागतो. चढताना मला राहून राहून वाटत होतं, मी आत्ता जिथे पाय ठेवतोय तिथे पूर्वी बर्फ होता, फार वाईट वाटलं.

खालच्या फीश गावच्या लोकांनी १६७८ मध्ये हिमनदी वाढू नये म्हणून नवस केला होता, ती वाढली तर गावाला धोका ही भीती. २०१० मध्ये त्यांनी पोपची परवानगी घेऊन प्रार्थना उलटी केली, आता ती वितळू नये म्हणून.

परत गेलात तर जवळच्या एगिसहॉर्न शिखरावरून बघा. दोन्ही बाजूच्या उतारांवर खाली फिकट, उघडा दगडांचा पट्टा दिसेल आणि त्याच्या वर हिरवळ. त्या हिरवळीच्या रेषेपर्यंत बर्फ होता.