कॉफीचा पैसा बागेपर्यंत पोहोचतो का?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही विशाखापट्टणमहून अराकूला गेलो होतो. तिथली कॉफी इतकी आवडली की आता पुण्यात तीच मागवते. पाकिटावर ‘आदिवासी शेतकऱ्यांची सहकारी संस्था’ असा उल्लेख असतो. माझे मिस्टर म्हणतात, संस्था नावापुरती, पैसा मधलेच खातात. एकर-दोन एकरवाल्या शेतकऱ्याला संस्थेचा खरंच उपयोग होतो का? — एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, होतो. पण मिस्टरांनी शंका घेतली तेही बरोबरच आहे. मी आयुष्यभर कोल्हापूर-सांगलीकडच्या दूध संस्थांची दप्तरं तपासली. कुठलीही संस्था पाहिली की माझं लक्ष आधी काट्याकडे जातं आणि मग बिल वाटपाच्या रजिस्टरकडे. अराकूला गेलो तेव्हाही मी हेच पाहिलं.

कॉफीचं पिकलेलं लाल फळ दुधासारखंच नाशवंत. तोडलं की त्याच दिवशी त्याचा गर काढावा लागतो, नाहीतर ते आंबतं आणि तो वास थेट कपात उतरतो. एकर-दोन एकरवाल्याकडे गर काढायचं मशीन नसतं, बिया धुवायला पुरेसं पाणी नसतं, वाळवायला जागा नसते. मग तो फळं तशीच अंगणात वाळत घालतो, नाहीतर दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. त्यात पावसाळ्यात तांदळाला किंवा दवाखान्याला त्याच व्यापाऱ्याकडून पैसे घेतलेले असले, तर पीक झाडावर असतानाच बोललेलं असतं. भाव करायला तोंड उरत नाही.

संस्थेचं खरं काम इथे सुरू होतं. अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची ‘स्मॉल अँड मार्जिनल ट्रायबल फार्मर्स’ ही संस्था नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने 2007 मध्ये उभी राहिली. आंध्रच्या 1995 च्या परस्पर साहाय्य सहकारी कायद्याखाली ती नोंदलेली आहे. या कायद्यात सरकारचं भागभांडवल नसतं, त्यामुळे संचालक मंडळात सरकारी ढवळाढवळही फारशी होत नाही. त्याच भागात 1956 मध्ये स्थापन झालेलं गिरिजन सहकारी महामंडळही कॉफी खरेदी करतं. नावात सहकार असला तरी तो सरकारी उपक्रम आहे. एका गावात दोन-दोन खरेदीदार आले की व्यापाऱ्यालाही भाव सांभाळून बोलावा लागतो. माझ्या मते हा फायदा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, पण तो मोठा आहे.

माल घेताना पाहिलं ते सांगतो. बायका डोक्यावरून पोती आणत होत्या. फळं आधी पाण्याच्या टाकीत ओतली, पोकळ आणि किडकी वर तरंगली, ती गाळून बाजूला काढली. मग मूठभर फळं हातावर पसरून हिरवी किती आहेत ते बघितलं. वजन शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर. एका बाईंनी आकडा पुन्हा वाचायला लावला आणि काटेवाल्याने मुकाट्याने वाचला. साधारण सहा किलो फळांतून एक किलो तयार कॉफी निघते, म्हणजे काट्यातली चूक पुढे किती महागात पडते बघा. फक्त लाल फळ घेणार म्हटल्यावर एकाच झाडाला तीन-चारदा तोडणी करावी लागते. ती मजुरी दरात धरली नाही, तर कोण कशाला करेल?

कॉफीच्या सावलीला सिल्व्हर ओक आणि त्यावर चढवलेली मिरी असते. कॉफीची तोडणी आटोपते तोवर मिरी हाताशी येते. वर्षाला एकच पीक असलेल्या घरात हा दुसरा हप्ता मोलाचा.

आता संस्थेच्या हातात काय नसतं तेही सांगितलं पाहिजे. अराकूत पिकते त्या अरेबिका जातीच्या कॉफीचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो. 2001 मध्ये तो पौंडाला पन्नास सेंटच्याही खाली गेला होता, 2025 च्या सुरुवातीला चार डॉलरच्या वर होता. पडत्या काळासाठी फेअरट्रेड या किमान दराची हमी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2023 मध्ये अरेबिकाचा (गर काढून धुतलेल्या बियांचा) किमान दर पौंडाला 1.40 वरून 1.80 डॉलर केला. पण त्या दराचा लाभ एकट्या-दुकट्या छोट्या शेतकऱ्याला मिळत नाही, संघटनाच लागते. आणि भाव चढला की उलटाच प्रकार होतो. संस्थेची उचल घेतलेला सभासद दोन रुपये जास्त मिळाले की माल बाहेर घालतो. उसात, दुधात आपल्याकडे हेच चालतं. मी त्याला दोष देत नाही. घरात आजारपण असेल तर रोख देणाराच जवळचा वाटतो. म्हणून ज्या संस्थेचं बिल लांबतं ती चढत्या बाजारात टिकत नाही, तिचा दर कागदावर कितीही चांगला असो.

राहिला तुमच्या पाकिटाचा प्रश्न. अराकूच्या अरेबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पॅरिसला दुकानही निघालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण पाकीट विकणारी कंपनी आणि फळ घेणारी संस्था दर वेळी एकच असते असं नाही. मानांकनाने माल कुठला ते कळतं, शेतकऱ्याला काय मिळालं ते कळत नाही. तेव्हा पाकिटावरच्या पत्त्यावर दोनच गोष्टी विचारा : गेल्या हंगामात फळाला किलोमागे काय दर दिला, आणि माल घेतल्यापासून किती दिवसांत पैसे दिले. सरळ आकडे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडूनच घेत राहा. उत्तर आलं तर मलाही कळवा, या सदरात छापू.