नाशिकजवळ गोड्या पाण्याचं खोल सिंकहोल आहे का? आणि लहानपणापासून विहिरीत पोहणाऱ्याला तिथे स्कुबा जमेल का?

नाशिकजवळ नाही, आणि सापडणारही नाही. पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी चुनखडी विरघळवत राहतं, आत पोकळी होते, मग वरचं छत कोसळतं. बहुतेक खोल सिंकहोल अशीच झाली. आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट. तो असा विरघळत नाही.

त्यासाठी मेक्सिकोतलं युकातान गाठावं लागतं. तिथे या खड्ड्यांना सेनोटे म्हणतात. आंगेलिता नावाच्या सेनोटेत साधारण ३० मीटरवर हायड्रोजन सल्फाइडचा पांढुरका ढग तरंगतो. वर गोडं पाणी, खाली खारं, आणि ढगातून झाडांच्या फांद्या डोकावतात. पण ओपन वॉटर या स्कुबाच्या पहिल्या सर्टिफिकेटची मर्यादाच १८ मीटर, म्हणजे नवख्याचं ते काम नव्हे.

आता विहिरीचं. आम्हीही मळ्यातल्या विहिरीत मुटके मारतच पोहायला शिकलो, त्यामुळे पाण्याची भीती नसते हे मान्य. पण विहिरीत अंगवळणी पडलेलं श्वास कोंडणं स्कुबात जिवावर बेतू शकतं. १० मीटर खोल दाब जवळपास दुप्पट असतो. तिथे टाकीतून छातीभर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत असं होत नाही, कारण छातीतली हवा वरूनच नेलेली असते. वर येताना ती पुन्हा पहिल्याइतकीच होते. घाबरल्यावर माणूस जुन्या सवयीवर जातो, म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्याने श्वास न रोखणं जास्त घोटवून घ्यावं.

खोलीची हौस मात्र सोडाच. मेक्सिकोतलंच साकातोन नावाचं सिंकहोल ३०० मीटरहून खोल आहे. गुहा-डायव्हिंगचे सुरक्षा नियम घालून देणाऱ्यांपैकी शेक एक्सली १९९४ मध्ये तिथेच जिवाला मुकला.

सुरुवात तारकर्लीला करा. तिथे एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणला पर्यटकांना हाताला धरून खाली नेतात आणि व्हिडिओ काढून देतात, ते शिक्षणात धरू नका. आणि शेवटच्या डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी गाडी काढून घाट चढू नका. आंबोली ७०० मीटरच्या आसपास आहे, आपलं नाशिकही ६०० च्या जवळ. डाइव्हमध्ये रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे धरू शकतो, आणि उंची विमानातली की घाटातली, त्याला फरक पडत नाही. विमानासाठी साधारण १८ तास थांबायला सांगतात. मी घाटालाही तोच हिशेब लावतो.