वाचकांचे प्रश्न: उन्हात अडणारी जुनी गाडी

प्रश्न: माझी 1996 ची कार्बोरेटरवाली मारुती 800 आहे. पहाटे नाशिकहून मुंबईला विनातक्रार जाते. परतताना दुपारी कसारा घाट चढायला लागली की आधी झटके खाते, मग बंद. अर्धा तास बोनेट उघडं ठेवलं की जणू काही झालंच नव्हतं. मेकॅनिकने एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप) बदलला, फरक शून्य. आता कार्बोरेटर बदलू म्हणतो. बदलू का? – वाचक, सिडको

उत्तर: सध्या काहीही बदलू नका. असा दोष गाडी बंद पडलेली असते तेवढ्या पाच-दहा मिनिटांतच सापडतो. थंड झालेली गाडी गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिकपुढे चांगली गाडी उभी असते, मग तो अंदाजाने पार्ट बदलतो. त्याचाही इलाज नसतो.

पुढच्या वेळी बंद पडली की कडेला घ्या, चाकाला दगड लावा, इग्निशन बंद करा. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघत अॅक्सिलरेटरची वायर हाताने एकदा झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटीत (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची जागा) पेट्रोल आहे आणि संशय इग्निशनवर घ्यायचा. धार उडाली नाही तर वाटी कोरडी आहे, म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तेवढा वेळ गाडीपासून लांब ठेवा.

वाटी कोरडी निघाली तर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं भोक बुजलंय; टाकीत पोकळी तयार होऊन पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. हवा बाहेर फुसकन आली तर घाबरू नका, मे महिन्यात तसं व्हायचंच. त्यानंतर पंपावर आणि त्याच्या नळ्यांवर ओलं फडकं ठेवा. डिस्ट्रिब्यूटरवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर नवाच दोष तयार होईल. पाच-दहा मिनिटांत गाडी सुरू झाली आणि पुन्हा धार उडायला लागली, तर हा व्हेपर लॉक. ओलं फडकं हे निदान झालं, इलाज नव्हे.

यात होतं काय, तर एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणून टाकी ते पंप या नळीत दाब वातावरणापेक्षा कमी असतो. दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं, आणि त्यातले हलके घटक तसेही 40 अंशांच्या आसपास वाफ व्हायला लागतात. नळीत वाफ भरली की पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) ती वाफच दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पूर्ण लोड, समोरून वारा कमी, आणि पेट्रोलची गरज नेमकी सर्वांत जास्त.

नवा पंप घालूनही फरक पडला नाही, कारण दोष बहुधा पंपाच्या मागे आहे. ओढायला जितका अडथळा जास्त तितका नळीतला दाब कमी आणि वाफ लवकर. टाकीतली जाळी गंजाने तुंबली, फिल्टर अर्धा बुजला किंवा रबरी नळी आतून सुजली, तरी थंडीत गाडी निभावून नेते, उन्हात उघडी पडते. दुसरा छुपा चोर म्हणजे ओढणाऱ्या बाजूच्या नळीची बारीक चीर. तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत शिरते, म्हणून खाली ओल दिसतच नाही.

तपासणी घरी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. इग्निशन कॉइलची (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) 12 व्होल्टची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरकडे जाणारी नळी पारदर्शक बाटलीत सोडा आणि कुणाला तरी 10-15 सेकंद सेल्फ मारायला सांगा. ठोक्याठोक्याला जोरदार पिचकारी यायला हवी. पिचकारीत बुडबुडे येत राहिले तर हवा शिरते आहे. पिचकारी मरतुकडी असेल तर पंपाची ओढणारी नळी काढून थेट पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवा आणि पुन्हा मारा. आता जोर आला तर पंप ठीक, मागची लाइन आणि टाकी साफ करा. तरीही जोर नाही तर पंप कमजोर. प्रेशर गेज असेल तर अशा पंपाला साधारण 3 ते 4 पीएसआय दाखवायला हवेत.

टाकीकडे परत जाणारी नळीही विसरू नका. तिच्यातून जास्तीचं पेट्रोल फिरत राहतं म्हणून पंप थंड राहतो. टाकीचं झाकण उघडून त्या नळीत सायकलच्या पंपाने हवा मारा, ती सहज जायला हवी. आणि मध्येच कुणी प्लास्टिकचा जास्तीचा फिल्टर घालून तो एक्झॉस्टजवळ लटकवला असेल, तर तो तिथून हलवा.

प्रश्न: जुनी पद्मिनी. चालताना काही तक्रार नाही. शालिमारला उन्हात लावून पंधरा-वीस मिनिटांनी परत आलो की सेल्फ मारमारून बॅटरी बसायची वेळ येते. चोक ओढला तरी उपयोग नाही. पेट्रोलचा वास मात्र भरपूर. हाही व्हेपर लॉकच ना? – वाचक, पंचवटी

उत्तर: नाही, आणि म्हणूनच चोक ओढल्याने गाडी आणखी अडते. वरच्या गाडीला पेट्रोल मिळत नव्हतं, तुमच्या गाडीला जास्त मिळतंय. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बोनेटखालची उष्णता काही मिनिटं वाढतच जाते. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि जेटमधून (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आपोआप खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, ठिबकतं. गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त झाल्याने पेट घेत नाही.

अशा वेळी चोक पूर्ण आत ठेवा, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. हवा भरपूर गेली की काळा धूर सोडून इंजिन लागतं. प्रत्येक वेळी पाय उचलून दाबलात तर कार्बोरेटरमधला अॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो.

कायमच्या इलाजासाठी कार्बोरेटरच्या खालचा बेकेलाइटचा जाड ठोकळा जागेवर आहे का ते आधी बघा. उष्णता वर चढू नये म्हणून तो असतो, पण ओव्हरहॉलिंगमध्ये तो तडकला की बरेच जण दोन कागदी गॅस्केटवर भागवतात. एसी पंप आणि ब्लॉकमधल्या ठोकळ्याचंही तेच. तो बसवताना मूळ जाडीचाच घ्या, कारण जाडी बदलली की पंपाच्या दांड्याचा स्ट्रोक बदलतो. त्यानंतर नीडल व्हॉल्व्ह (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) आणि फ्लोटची (त्या सुईला उघड-बंद करणारा तरंगता भाग) पातळी बघा. व्हॉल्व्हच्या टोकाला घासून खाच पडली असेल तर नळीतल्या गरम पेट्रोलच्या दाबाने तो उघडतो आणि वाटी ओसंडते. नीडल आणि तिची सीट जोडीनेच बदलावी. हे सगळं होईपर्यंत गाडी लावल्यावर बोनेटचा खटका सोडून ठेवलात तरी फरक जाणवेल.

प्रश्न: पॉइंटवाली (डिस्ट्रिब्यूटरमध्ये उघड-बंद होणारे संपर्क असलेली) पेट्रोल जीप. टाकी, फिल्टर, पंप सगळं झालं. बंद पडल्यावरही धार उडते. तरी गरम झाली की थांबते. – वाचक, सिन्नर

उत्तर: मग पेट्रोलचा पिच्छा सोडा. कॉइल बघा. बंद पडल्याबरोबर कॉइलची जाड वायर इन्सुलेटेड पक्कडने धातूपासून 6 मिमी धरून सेल्फ मारायला सांगा. कार्बोरेटरपासून लांब, एअर फिल्टर परत बसवून. ठिणगी निळी, चटचटणारी हवी. पिवळी, बारीक किंवा गायब असेल तर कॉइल गरम असतानाच तिच्या दोन लहान टोकांमधला रोध मोजा. साध्या कॉइलचा साधारण 3 ओहम, बॅलास्ट रेझिस्टरवाल्या (करंट कमी करायला बाहेरून रोध जोडलेल्या) कॉइलचा साधारण 1.5. दुसऱ्या प्रकारची कॉइल बॅलास्टशिवाय थेट 12 व्होल्टवर जोडलेली आम्हाला वारंवार दिसते. ती थंडीत उत्तम चालते आणि तासाभरात हात लावता येणार नाही इतकी तापते. पॉइंट काळे पडत असतील तर कंडेन्सरही बदला.

प्रश्न: 2005 ची एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी. तिलाही व्हेपर लॉक होतो का? – वाचक, नाशिकरोड

उत्तर: क्वचित. पंप टाकीत असतो आणि लाइनमध्ये 2.5 ते 3 बार दाब असतो, त्यामुळे वाफ सहज होत नाही. चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. बंद पडल्यावर ती ऐकू आली नाही तर आधी रिले, मग पंपाच्या प्लगवरचा व्होल्टेज आणि अर्थिंग, आणि शेवटी पंप. तो भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून उन्हाळ्यात पाव टाकीच्या खाली जाऊ नका. गुणगुण येते पण इंजिन लागत नाही, आणि थंड झाल्यावर लागतं, तर क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) तपासून घ्या.

प्रश्न: नव्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्या जास्त तापतात, हे खरं का? – वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: काही अंशी खरं. 2023 पासून पेट्रोल पंपांवर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल यायला लागलं. इथेनॉल एकटं 78 अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की त्यातल्या हलक्या घटकांना वाफ व्हायला मदतच करतं. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. झटके आणि मंद पिकअप त्यातून येतात. स्पार्क प्लगचं टोक पांढरट दिसत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, 115 म्हणजे 1.15 मिमी. त्याच्या वर 120, एकदम 130 नको.

मोठा खर्च रबराचा. जुन्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलने सुजतो, मऊ पडतो, नळीच्या आतली साल सुटून जेटमध्ये अडकते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या एकदमच, इथेनॉलला चालणाऱ्या घ्या. मीटरवर विकली जाणारी पारदर्शक प्लास्टिक नळी नको. ती उन्हात कडक होऊन क्लिपपाशी चिरते, खाली गरम एक्झॉस्ट असतो. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, ओलावा धरून पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते.