घरात सापडलेला घाटातल्या रेल्वेचा फोटो 1853 चा असू शकतो का? ती जागा आज पाहता येईल का?

1853 चा? नाही. 16 एप्रिल 1853 ला गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्या वाटेवर घाट कुठला आलाय? रूळ खोपोलीला पोचले 1856 ला, खंडाळा-पुणे सुरू झालं 1858 ला आणि मधला बोरघाट उघडला 1863 ला. कसाऱ्याचा थळघाट 1865 चा. फोटोमागे पेनाने लिहिलेलं साल पुरावा म्हणून धरू नका, ते बहुधा नंतरच्या कुणीतरी घातलेलं असतं.

इंजिन बघून साल ठोकणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. इंजिनं दशकानुदशकं चालायची, बॉयलर बदलून पुन्हा घाटात यायची. त्यावरून फार तर 'याआधीचा नाही' एवढंच कळतं. असाच एक फोटो एका गृहस्थांनी इंजिनावरून 1863 चा ठरवला आणि वर 'डोंगर जुळत नाही, म्हणजे जागा नष्ट झाली' असंही सांगून टाकलं. सिग्नलकडे बघायचं कष्ट घेतलं नाही! आपल्याकडे सेमाफोरचा, म्हणजे खांबावर हलणारा हात असलेल्या जुन्या सिग्नलचा, हात ड्रायव्हरला खांबाच्या डावीकडे दिसतो. फोटोत तो उजवीकडे असेल तर एक तर फोटो सिग्नलच्या मागून घेतलाय, नाहीतर काचेची निगेटिव्ह उलटी छापलीय. हाताची पुढची बाजू लाल असते, तीवर पांढरा पट्टा. कृष्णधवल फोटोत ती गडद येते. मागची बाजू पांढरी, काळ्या पट्ट्याची. गडद हात उजवीकडे दिसला की फोटो उलटा. तो स्कॅन करून आडवा पलटवा आणि मगच खंडाळ्याजवळचा नागफणीचा सुळका शोधा. त्या फोटोत हात गडद होता आणि उजवीकडे होता. गृहस्थ अजून मानत नाहीत.

तुमच्या फोटोत गाडी तोंड फिरवून उलटी निघते ते रिव्हर्सिंग स्टेशन असेल, तर बोरघाटासाठी 1929 आणि थळघाटासाठी 1918 ही शेवटची मर्यादा. तेव्हा नव्या मार्गांनी ती स्टेशनं टळली. रुळांवर विजेच्या तारा असतील तर बोरघाटाचा फोटो 1929 च्या आसपासचा किंवा नंतरचा. तारयंत्राच्या खांबांना विजेचे समजू नका, ते रुळांच्या कडेला असतात. रूळ फारच जवळजवळ असतील तर माथेरानची गाडी आहे का बघा: 610 मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), 1907. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटोच नव्हे, छापील चित्र आहे. पोस्टकार्ड असून मागे मधोमध उभी रेघ असेल तर 1902 च्या आधीचं नाही.

जागेवर गेलात तर वापरात नसलेला रेल्वेचा बांध चढावरून ओळखता येतो. या घाटांत सर्वात तीव्र चढ 37 ला 1 (37 फूट पुढे गेल्यावर 1 फूट वर), पायवाट किंवा गाडीरस्ता याहून सहज उभा जातो. वळणंही सैल असतात, घडीव दगडाच्या मोऱ्या दिसतात. कुंपणाला खांब म्हणून पुरलेले जुने रूळ जरूर तपासा. त्यांच्या उभ्या पोटावर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. मात्र ते साल रूळ ओतल्याचं नसून लाटल्याचं असतं, आणि रूळ तिथे कधी बसवला ते त्यावरून कळत नाही.

सिग्नलची वर सांगितलेली खूण जुन्यातल्या जुन्या फोटोंना लावताना जपून. तेव्हा हातांचे रंग आणि पट्टे सगळीकडे एकसारखे नव्हते. आणि चालू लाइनवर, बोगद्यात पाय ठेवू नका, रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली तो गुन्हा आहे.