वीज जाऊन आल्यावर नेटवर्क ड्राइव्हवरचा (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवण उपकरणावरचा) बॅकअप बंद पडला, तर आधी काय तपासावे?

कोथरूडमधील आपल्या घरी गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि परत आल्यापासून ‘ड्राइव्ह सापडत नाही’ असा संदेश येतो, या आपण कळवलेल्या वर्णनावरून ड्राइव्ह बिघडला असे मला वाटत नाही. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर त्याने ड्राइव्हला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) दिला असावा, आणि बॅकअपचा प्रोग्राम अजूनही जुन्याच पत्त्यावर शोध घेत असावा.

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून ड्राइव्हचा सध्याचा पत्ता पाहावा. समजा तो १९२.१६८.१.५ चा १९२.१६८.१.९ झाला असेल, तर फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे (\\) नवा पत्ता लिहून फोल्डर उघडतो का ते पाहावे. उघडल्यास तोच पत्ता राउटरमध्ये ड्राइव्हसाठी राखून ठेवावा आणि बॅकअपच्या सेटिंगमध्येही बदलावा.

पत्ता बरोबर असूनही प्रवेश नाकारला गेला, तर संगणक बंद-चालू होताना विंडोज ११ चे २४एच२ अपडेट बसले का, हे पाहावे. त्याच्या प्रो आवृत्तीत पासवर्डविना ‘गेस्ट’ म्हणून जोडणे मुळातच बंद केलेले आहे. ते पुन्हा सुरू करण्याचे उपाय सुचवले जातात, पण मी ते करणार नाही. त्यापेक्षा ड्राइव्हवर केवळ बॅकअपसाठी पासवर्डसह स्वतंत्र खाते उघडावे.

बॅकअप सुरू झाल्यावर एखादी जुनी फाइल परत काढून उघडून पाहावी, कारण वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली प्रत अर्धवट राहिलेली असू शकते.