जुना प्रीअँप (डेकचा आवाज मुख्य अँप्लिफायरकडे जाण्याआधी वाढवणारा सेट): व्हॉल्यूम फिरवला की खरखर, मधूनच डावी बाजू गप्प. जळगावात घरच्या घरी दुरुस्त होईल का?

होईल, आणि अवश्य करा. असे सेट भंगारात जाताना बघवत नाहीत.

आधी इनपुटच्या डाव्या-उजव्या दोन्ही पिना एकमेकींच्या जागी लावा. आता उजवी बाजू गप्प झाली, तर दोष केबलमध्ये किंवा डेकमध्ये (कॅसेट वगैरे वाजवणाऱ्या यंत्रात) आहे; प्रीअँप उघडूच नका. डावीच गप्प राहिली तर पुढे चला.

खरखर बहुतेक वेळा व्हॉल्यूम कंट्रोलमधल्या धुळीची असते, आणि आपल्याकडे मार्च ते मे धूळ किती उडते ते सांगायला नको. प्लग काढा, कंट्रोलच्या पायांजवळच्या फटीतून काँटॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. सिलेक्टर स्विचलाही (कोणता इनपुट ऐकायचा ते निवडणाऱ्या) तेच. बाजू गप्प होण्याचं कारण अनेकदा तिथंच सापडतं. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका.

सोबत घुंऽऽ असा आवाज असेल तर पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे डबीसारखे भाग) बघा. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यात आपला उन्हाळा ४५ अंशांचा. नवे घेताना मायक्रोफॅरड (साठवणक्षमता) जुन्याइतकेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश सोसणारेच मागा. अंगावरच्या पट्टीची बाजू निगेटिव्ह. उलटा लागला तर फुटतो. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा, म्हणजे सेटला जाणारी वीज आधी एका साध्या बल्बमधून जाऊ द्या.

सेट व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) असेल तर मात्र जाणकाराकडेच न्या. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा व्होल्टेज साठून राहतो.